माजी सैनिक, पीटीएसडी आणि औषधांवरचं संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आम्ही खडकीत वाढलो. गेली काही वर्षं मी पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीवर सामान्य सदस्य म्हणून काम करते. औषधाची चाचणी, म्हणजे ट्रायल, सुरू होण्याआधी जिची परवानगी लागते ती ही समिती. मी डॉक्टर नाही. पण या दोन्ही गोष्टी लोकांना माहीत असल्यामुळे धानोरी, घोरपडी, देहूरोड, सासवड, अगदी साताऱ्याकडूनही बायका, मुलं, सुना आणि कधीमधी स्वतः फौजी प्रश्न पाठवतात. तेच ते प्रश्न परत येऊ लागले, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. गोळी कोणती, किती, कधी बंद करायची हे तुमचे मनोविकारतज्ज्ञ ठरवतील. संशोधनात काय दिसलं आणि त्याचा अर्थ आपल्या घरापुरता कसा लावायचा, तेवढंच मी इथे सांगते.

१. आमचे हे रात्री ओरडून उठतात. एवढ्यावरून पीटीएसडी म्हणायचं का?

फक्त स्वप्नांवरून नाही. पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर) म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात मुरून राहणारा आजार. डॉक्टर चार गोष्टी बघतात. घडलेलं पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, त्यात स्वप्नंही आली. आठवण काढणाऱ्या गोष्टी टाळणं, म्हणजे पलटणीतल्या मित्राचा फोन आला की न उचलणं. मन बधिर होणं, स्वतःला दोष देणं, घरच्यांपासून तुटल्यासारखं वाटणं. आणि सतत सावध असणं. हे महिन्याहून जास्त टिकलं आणि त्यामुळे रोजचं जगणं अडू लागलं, तर निदान होतं.

हॉटेलात भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करूनच बसणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. माझे वडील लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी न्हाणीघरात नळ पूर्ण सोडून बसायचे. सुतळी बॉम्बचा आवाज पाण्याच्या आवाजात बुडावा म्हणून. आम्हा मुलांना वाटायचं, यांना सणाची हौसच नाही.

एक सूचना. साठीनंतर झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं याला दुसरी कारणंही असतात. जोरात घोरून मध्येच श्वास अडकत असेल तर तो झोपेतल्या श्वासाचा विकार असू शकतो, आणि स्वप्नाबरोबर अंग हलण्याचाही एक वेगळा आजार आहे. रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसाने पाहिलेलं डॉक्टरांना सांगा. ते कुठल्याही तपासणीपेक्षा आधी उपयोगी पडतं.

२. हा आजार पूर्वी नव्हता का? आजोबाही लढाईत होते, त्यांना काही झालं नाही.

होता, नाव वेगळं होतं. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर छातीत धडधडणाऱ्या जवानांच्या दुखण्याला ‘सैनिकाचं हृदय’ म्हणत, पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ म्हणू लागले. पीटीएसडी हे निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या पुस्तिकेत आलं ते १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्यांचा त्रास वर्षानुवर्षं बघितल्यावर. आजोबांना काही झालं नाही, की त्यांना कोणी विचारलं नाही, हे आता सांगता येणार नाही. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून बघा. त्यांना आठवत असतं.

३. यावर खास औषध आहे का?

खास याच आजारासाठी शोधलेलं औषध नाही. नैराश्यासाठी बनलेली औषधं इथेही थोडीफार कामी येतात असं दिसलं. अमेरिकेच्या औषध नियामकाने पीटीएसडीसाठी मान्यता दिलेली औषधं दोनच आहेत: सर्ट्रालिन, १९९९ साली, आणि पॅरॉक्सेटिन, २००१ साली. अमेरिकी सैन्य आणि तिथल्या माजी सैनिकांच्या आरोग्यखात्याने २०२३ साली उपचारांची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत या दोघांबरोबर व्हेनलाफॅक्सिनचीही शिफारस आहे. तिन्ही औषधं आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात.

चिठ्ठीवर ‘अँटिडिप्रेसंट’ बघून बरेचजण चिडतात. “मला काय डिप्रेशन आहे का?” नाव जुन्या कामावरून पडलं आहे एवढंच.

४. गोळी किती दिवसांत लागू पडते?

साधारण चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळ, जुलाब, बेचैनी होऊ शकते, म्हणजे फायदा दिसायच्या आधी त्रास दिसतो. बहुतेकजण गोळी सोडतात ते याच दिवसांत. लैंगिक इच्छा कमी होणं हाही सर्रास दिसणारा परिणाम आहे. त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही, गोळी मात्र गुपचूप गटारात जाते. डॉक्टरांना सांगितलं तर त्यावर मार्ग काढता येतो.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या वयस्कर माणसाने ही औषधं घेताना रक्तातलं सोडियम तपासून घ्यावं. ते उतरलं तर माणूस बावचळल्यासारखा वागतो, आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. गुडघ्यासाठी, कंबरेसाठी ट्रॅमाडॉल घेत असाल तर तेही आधी सांगा. ही दोन औषधं एकत्र आली तर धोकादायक प्रतिक्रिया येऊ शकते.

५. गोळी घ्यावी की समुपदेशन?

२०२३ची तत्त्वं सांगतात, शक्य असेल तिथे आधी आघातावर थेट काम करणारे बोलण्याचे उपचार, नंतर औषध. म्हणजे धीर देणाऱ्या गप्पा नव्हेत. टाळलेल्या आठवणीला ठरवून, पायरीपायरीने सामोरं जायचं, त्या दिवसाबद्दल मनात धरलेला समज तपासून बघायचा, असं हे शिस्तीचं काम असतं.

पण याच प्रश्नावर माजी सैनिकांत झालेला एक मोठा अभ्यास बघा, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. २२३ जण, तीन गट. एकाला सर्ट्रालिन, दुसऱ्याला आठवणींना सामोरं नेणारा उपचार आणि सोबत प्लॅसिबो (दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी), तिसऱ्याला दोन्ही. चोवीस आठवड्यांनी तिन्ही गट सुधारले होते आणि त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. माझ्या मते आपल्यासाठी यातून एक दिलासा निघतो: आठवणींवर मराठीतून काम करणारा प्रशिक्षित माणूस जवळपास मिळत नसेल, तर तो मिळेपर्यंत उपचार अडवून धरायचं कारण नाही.

६. सैनिकांवर वेगळे अभ्यास कशाला? औषध ते औषध.

सर्ट्रालिनला मान्यता मिळाली त्या अभ्यासांतल्या सुमारे ७६ टक्के रुग्ण स्त्रिया होत्या. नंतर आकडे वेगळे काढून पाहिले तेव्हा स्त्रियांमध्ये फायदा स्पष्ट होता, आणि मोजक्या पुरुषांमध्ये जवळजवळ काहीच नव्हता. हे औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच छापलेलं आहे. पुढे २००७ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १६९ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतले बहुतेक व्हिएतनाम युद्धात लढलेले. सर्ट्रालिन आणि प्लॅसिबो यांत फरक दिसला नाही.

कारणं अनेक असावीत. त्यांचा आजार वीस-तीस वर्षं मुरलेला होता. फौजीचा आघात एका अपघातासारखा एकदाच घडून संपत नाही, तो पोस्टिंगभर चालू असतो. वर डोक्याला मार, दारू, कानात वाजणं, दुखणारी कंबर. आणि भीतीखेरीज अपराधाची भावना असते: तो गेला, मी राहिलो. या भावनेवर गोळी कितपत चालते, हा प्रश्न मला कायम पडतो.

मोठे अभ्यास अमेरिकेतलेच का, असंही विचारतात. तिथे माजी सैनिकांसाठी देशभर एकच आरोग्ययंत्रणा आहे, त्यामुळे दहा-वीस रुग्णालयांत एकाच आराखड्याने शेकडो जणांचा अभ्यास करता येतो.

७. म्हणजे सर्ट्रालिनचा उपयोग नाही! दीड वर्ष चालू आहे, उद्यापासून बंद करू का?

नका करू. अभ्यास गटाची सरासरी सांगतो. ‘फरक नाही’ याचा अर्थ एकाही माणसाला गुण आला नाही असा होत नाही. तुमच्या घरात गेल्या दीड वर्षात काय बदललं ते बघा. चिडचिड कमी झाली का, लग्नकार्याला येतात का, रात्री किती वेळा उठतात. फरक पडला असेल तर ती गोळी तुमच्यापुरती कामाची आहे. नसेल, तर डॉक्टरांशी बोलायला हेच पुरेसं कारण आहे.

ही औषधं एकदम थांबवली तर चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं, विचित्र स्वप्नं, संताप असं काहीही होतं. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांच्या बाबतीत जास्त. हळूहळू, ठरवून कमी करायची असतात. गावी जाताना गोळ्या विसरलो आणि ‘आजार उलटला’, अशा तक्रारींत बरेचदा हेच घडलेलं असतं.

८. स्वप्नांसाठी प्राझोसिन चांगलं म्हणतात. पण ते फेल गेलं असंही वाचलं. खरं काय?

दोन्ही खरं आहे. मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्राझोसिन हे रक्तदाबाचं जुनं औषध. धोक्याच्या वेळी शरीरात नॉरअॅड्रेनॅलिन उसळतं. प्राझोसिन त्याचा एक दरवाजा बंद करतं, आणि मेंदूपर्यंत पोचतं. सिॲटलमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले मरे रॅस्किंड आणि त्यांचे सहकारी यांनी ते वाईट स्वप्नांसाठी वापरून पाहिलं. २००३ साली दहा व्हिएतनामवाल्यांवर, २००७ साली चाळीस माजी सैनिकांवर, २०१३ साली इराक-अफगाणिस्तानहून आलेल्या ६७ सैनिकांवर. तिन्ही वेळा स्वप्नं कमी झाली, झोप सुधारली. जगभरचे डॉक्टर ते लिहून देऊ लागले.

मग मोठी परीक्षा झाली. तेरा रुग्णालयं, ३०४ माजी सैनिक, २६ आठवडे; निम्म्यांना प्राझोसिन, निम्म्यांना प्लॅसिबो. २०१८च्या फेब्रुवारीत निकाल छापून आला: फरक नाही. स्वप्नांत नाही, झोपेतही नाही. आधीच्या तिन्ही अभ्यासांमागचेच लोक याही अभ्यासात होते आणि त्यांनी तो निकाल जसाच्या तसा छापला, याचं मला मोल वाटतं.

असं का झालं, यावर अजून वाद आहे. एक कारण मला पटतं. ज्याची अवस्था अगदी बिकट आहे, त्याला सहा महिने प्लॅसिबो मिळण्याच्या जुगारात ढकलायला डॉक्टरचं मन होत नाही. अशांना ते सरळ प्राझोसिनच देतात. म्हणून अभ्यासात आले ते त्या मानाने स्थिर असलेले लोक. ज्यांना औषध सर्वांत जास्त लागू पडलं असतं, ते कदाचित बाहेरच राहिले.

आज स्थिती अशी: २०२३च्या तत्त्वांत प्राझोसिन पीटीएसडीशी जोडलेल्या वाईट स्वप्नांसाठी सुचवलं आहे, पण ही सूचना कमकुवत आहे असं त्यांनीच नमूद केलं आहे. वापरून बघण्यासारखं, हमी नसलेलं. तुमच्या यांना त्याने झोप लागत असेल तर २०१८चा निकाल दाखवून ते काढून घेऊ नका (प्रश्न ७ पाहा).

९. सासऱ्यांना प्रोस्टेटचीही गोळी आहे. प्राझोसिन चालेल का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन वगैरे औषधं प्राझोसिनच्याच कुटुंबातली, दोन्ही मिळून रक्तदाब फार खाली जाऊ शकतो. लैंगिक दुर्बलतेसाठीच्या सिल्डेनाफिल, टाडालाफिल या गोळ्यांचंही तसंच. त्या कोणी चिठ्ठीवर घेत नाही आणि कोणी सांगतही नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

प्राझोसिनचा पहिलाच डोस माणसाला उभ्या उभ्या पाडू शकतो. म्हणून अगदी कमी मात्रेत, रात्री झोपताना सुरू करतात. काही दिवस चुकले तर पुन्हा जुन्या मोठ्या डोसावर उडी मारायची नाही, परत खालून सुरुवात. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना हे औषध चालू आहे, किंवा पूर्वी होतं, असं सांगा. या औषधांमुळे ऑपरेशनच्या वेळी बुबुळाचा पडदा ढिला पडतो. आधी कळलं तर ते तयारी ठेवतात.

१०. झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे. तीही पीटीएसडीचीच ना?

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम यांना पीटीएसडीवरचं औषध म्हणता येत नाही. २०२३च्या तत्त्वांत त्यांचा वापर करू नये असं ठळक म्हटलं आहे. आजारावर फायदा दिसत नाही, सवय लागते, बोलण्याच्या उपचाराचा परिणाम कमी होऊ शकतो, आणि म्हातारपणी माणूस पडतो.

हे मी घरातून शिकले. वडिलांना एका डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी अकरा वर्षं चालली. चिठ्ठी घडीवर फाटली, तिला आईने सेलोटेप लावली. दुकानदार ओळखीचा, चिठ्ठी न बघताच पट्टी काढून द्यायचा. मध्ये दोन डॉक्टर बदलले, कोणी “ही का चालू आहे?” असं विचारलं नाही. आम्हीही नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी रात्री लघवीला उठले, मोरीच्या उंबऱ्यावर पडले, खुबा मोडला.

तरीही उद्याच बंद करू नका. इतक्या वर्षांनी एकदम सोडली तर फिट येऊ शकते. डॉक्टर आठवड्या-महिन्यांत थोडी थोडी उतरवतात. अपवादही आहे: झोपेत अंग झाडण्याच्या आजारासाठी (प्रश्न १ पाहा) क्लोनाझेपाम दिलेलं असू शकतं. तेव्हा आधी विचारा, ही गोळी कशासाठी?

११. रात्री दोन पेग रम घेतली की झोपतात. काय हरकत?

झोप लवकर लागते, पण मध्यरात्रीनंतर उडते आणि स्वप्नं जास्त येतात. झोपेच्या गोळीबरोबर घेतली तर श्वास मंदावून जीवावर बेतू शकतं. आणि रोज पिणाऱ्याने अचानक बंद करणंही धोक्याचं. कॅन्टीनची बाटली लपवून हा प्रश्न सुटत नाही, डॉक्टरांना खरं माप सांगावं लागतं.

१२. चालू गोळीबरोबर रिस्पेरिडोन दिलं आहे. हे वेड्यांचं औषध ना?

‘वेड्यांचं’ हा शब्द सोडून देऊ. रिस्पेरिडोन मुख्यतः भास-भ्रमाच्या आजारांसाठीचं औषध आहे. नैराश्यविरोधी औषधांनी गुण न आलेल्या माजी सैनिकांना ते जोडून दिलं तर काय होतं, यावरचा मोठा अभ्यास २०११ साली आला. अमेरिकेतली २३ केंद्रं, सहा महिने, २४७ जणांच्या नोंदी. पीटीएसडीच्या लक्षणांत प्लॅसिबोपेक्षा फरक नाही. वजन वाढणं, थकवा, झोपाळूपणा मात्र जास्त. तुमच्या डॉक्टरांपाशी दुसरं कारण असू शकतं, उदाहरणार्थ आवाज ऐकू येणं. कोणत्या लक्षणासाठी आणि किती दिवस, एवढं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

१३. व्हॉट्सअॅपवर आलं की अमेरिकेत एका नशेच्या गोळीने सैनिक तीन बैठकांत बरे झाले. आपल्याकडे कधी येणार?

ती एमडीएमए. नुसती गोळी नाही, अनेक तासांच्या मानसोपचाराच्या बैठकीत दिली जाते. २०२१ साली ९० आणि २०२३ साली १०४ जणांवरचे अभ्यास प्रसिद्ध झाले, त्यांत सुधारणा मोठी दिसली. पण गोळी घेतली की आपण नशेत आहोत हे माणसाला कळतंच. मग कोणाला औषध मिळालं आणि कोणाला प्लॅसिबो हे लपून राहत नाही, आणि निकालावरचा विश्वास कमी होतो. याच आणि इतर शंकांमुळे अमेरिकेच्या नियामकाने ऑगस्ट २०२४मध्ये मान्यता नाकारली, आणखी एक मोठा अभ्यास करा म्हणाले. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना ती देण्याची मुभा दिली आहे. भारतात हा पदार्थ अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतो. बाहेरून ‘मिळवून देतो’ म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

केटामाइनचंही विचारतात. २०२२ साली सैनिक आणि माजी सैनिक मिळून १५८ जणांत पीटीएसडीवर प्लॅसिबोपेक्षा ठोस फायदा दिसला नाही, नैराश्य तेवढं हललं. गांजा ओढण्यावर २०२१ साली ८० माजी सैनिकांचा अभ्यास आला, तिथेही प्लॅसिबोच्या पुढे काही गेलं नाही. २०२३ची तत्त्वं गांजाच्या विरोधातच आहेत.

१४. प्लॅसिबो देणं म्हणजे फौजीची फसवणूक नाही का?

आधी सांगून, सही घेऊन दिलं तर नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखं कोणाला काय ते ठरतं, आणि ते रुग्णाला कळत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. याची गरज का, ते प्रश्न ८मध्ये दिसलंच. आठवड्याला कोणी अर्धा तास बसवून विचारतं, ऐकतं, रक्तदाब बघतं, एवढ्यानेही माणूस सुधारतो. तो हिस्सा वजा केल्याशिवाय गोळीचं काम कळत नाही.

फसवणूक कुठे होऊ शकते? चालू उपचार काढून घेऊन प्लॅसिबोवर ठेवलं तर. भारताच्या औषध-चाचण्यांसाठीच्या २०१९च्या नियमांनुसार, नेहमीचा उपचार उपलब्ध असताना तो न देता प्लॅसिबो दिल्यामुळे इजा झाली, तर ती ट्रायलमुळे झालेली इजा धरली जाते. आमच्या समितीत मी पहिला प्रश्न हाच विचारते: प्लॅसिबो मिळालेल्या माणसाची तब्येत बिघडू लागली तर कोण बघणार, आणि किती तासांत?

१५. पुण्यात अशी ट्रायल चालू आहे का, हे कसं शोधायचं?

भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही आहे, सीटीआरआय, संकेतस्थळावर सर्वांना खुली. १५ जून २००९पासून नोंदणी बंधनकारक आहे. आजाराचं नाव टाकून शोधा, मग केंद्रांच्या यादीत पुणे आहे का, भरती चालू आहे का आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी मिळाली आहे का, ते बघा. नोंदणी क्रमांक सांगता येत नसेल तर पुढे बोलू नका. ट्रायलमधल्या औषधाचे पैसे मागितले तर तिथून उठा.

१६. संमतीपत्र वीस पानांचं आहे. सही करण्याआधी काय बघायचं?

घरी आणा. दोन दिवस ठेवा. तुम्हाला कळेल अशा भाषेत ते मिळालंच पाहिजे, आणि सही केलेली प्रतही तुमच्याकडे राहिली पाहिजे. शोधायच्या गोष्टी: चालू गोळ्यांचं काय होणार, प्लॅसिबो मिळण्याची शक्यता किती, किती फेऱ्या, प्रवासखर्च कोण देणार, रात्री त्रास झाला तर कोणाला फोन, आणि मध्येच सोडता येतं का.

या शेवटच्या मुद्द्यावरून एक प्रसंग सांगते. एका अभ्यासाचं मराठी पत्र आमच्यापुढे आलं. त्यात लिहिलं होतं, “आपण कोणत्याही टप्प्यावर माघार घेऊ शकता.” भाषांतर शब्दशः बरोबर. मी वडिलांना ते वाक्य वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “हे मी नाही करणार.” माघार! ज्याने आयुष्यभर तो शब्द टाळला, त्याला आपण सांगत होतो की तू माघार घे. आम्ही ते बदलून “तुम्ही कधीही थांबू शकता, कारण सांगावं लागणार नाही, तुमचे नेहमीचे उपचार चालू राहतील” असं करून घेतलं. तुमच्या पत्रात माघार शब्द असला तर त्याचा अर्थ एवढाच समजा.

१७. मुलगा अजून नोकरीत आहे. वरिष्ठ म्हणाले “नाव दे”. नाही म्हणता येतं का?

येतं. २०१९च्या नियमांत आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या नैतिक तत्त्वांत सैन्यदलातल्या माणसांना दबाव येऊ शकणाऱ्या गटात धरलं आहे, कारण तिथे वरच्याला नाही म्हणणं अवघड असतं. अशा सहभागींवर नव्या रेणूची, म्हणजे अगदी नव्या औषधाची, ट्रायल असेल तर संमती घेतानाचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं. संमती हुकमाने घेता येत नाही.

वैद्यकीय कॅटेगरी (सैन्यातली तंदुरुस्तीची श्रेणी) खाली जाईल ही भीती खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. ट्रायलमधली माहिती गोपनीय ठेवणं संशोधकांवर बंधनकारक आहे. पण लष्करी रुग्णालयात उपचार चालू असतील तर त्यांची नोंद त्याच्या वैद्यकीय कागदपत्रांत होतेच. सही करण्याआधी त्याने हे स्पष्ट विचारून घ्यावं. माजी सैनिकाला हा धाक नसतो, तरी जुन्या साहेबांचा शब्द मोडवत नाही असं होतं. त्यालाही हेच उत्तर.

१८. ट्रायलमध्ये काही बरंवाईट झालं तर?

गंभीर घटना घडल्यापासून २४ तासांत मुख्य संशोधकाने ती औषध नियंत्रक, प्रायोजक आणि नीतिमत्ता समितीला कळवायची असते. संशोधकाच्या मते गरज असेपर्यंत, किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे ठरेपर्यंत, उपचार मोफत. संबंध ठरला तर भरपाई, मृत्यू झाल्यास ती वारसाला. समितीचा फोन नंबर संमतीपत्रावर असतो. तो सामान्य माणसासाठीच असतो, बिनधास्त लावा.

१९. वडिलांना विसराळूपणा वाढला आहे. त्यांच्या वतीने मी सही करू का?

त्यांना समजून निर्णय घेता येत नसेल, तर कायद्याने मान्य प्रतिनिधी सही करू शकतो, आणि समिती अशा अर्जाकडे जास्त बारकाईने बघते. मात्र त्यांना जेवढं समजतं तेवढं समजावून सांगायचंच. आणि ते हात झटकून “नको” म्हणाले, तर ते नकोच धरायचं.

२०. हे डॉक्टरांकडे यायलाच तयार नाहीत. आम्ही काय करू?

आधी तुम्ही जा किंवा फोन करा. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, घरच्यांनीही बोललं तरी चालतं. १ डिसेंबर २०२३ रोजी झालेल्या करारानुसार सैन्यदलातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेलि-मानसचा खास कक्ष आपल्या पुण्यातच, सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात, प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेचं) कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवण्याची चिठ्ठी मिळते.

अनेक घरांत ‘झोपेसाठी दाखवून येऊ’ एवढ्या वाक्यावर माणूस तयार होतो. ते खोटंही नाही. पण ‘माझ्यामागे सगळं नीट होईल’ अशी भाषा सुरू झाली, कागदपत्रं आवरून ठेवली, परवान्याचं हत्यार काढून साफ केलं, तर वाट बघू नका. हत्यार आणि गोळ्यांचा साठा घराबाहेर ठेवा, त्यांना एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात न्या.

२१. पहिल्या भेटीला जाताना सोबत काय न्यायचं?

सगळ्या गोळ्या, एका पिशवीत. पॉलिक्लिनिकच्या, बाहेरच्या, शेजाऱ्याने दिलेल्या, आयुर्वेदिक चूर्ण, दुखण्याच्या गोळ्या, सगळ्या. रिकाम्या पट्ट्यासुद्धा. खुबा मोडल्यावर आईने वडिलांच्या गोळ्या टेबलावर ओतल्या तेव्हा एकाच औषधाच्या तीन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या निघाल्या होत्या.

आणि पंधरा दिवसांची एक वही. किती वाजता झोपले, किती वेळा उठले, ओरडले का, सकाळी आठवत होतं का, पेग किती. निदानाची नावं लिहू नका, दिसलं तेवढंच लिहा. लढाईबद्दल घरच्यांनी काही सांगायची गरज नाही. ते त्यांना वाटेल तेव्हा, वाटेल त्याला सांगतील. वहीच्या पहिल्या पानावर ज्या औषधांची पूर्वी रिअॅक्शन आली होती त्यांची नावं लिहा, आणि खाली शेजारी झोपणाऱ्याचा फोन नंबर.